महामायाची पहिली चूक

आनंदराज सोनकांबळे सरांच्या खिशात लाल पेन नसायचं, आणि आमची पहिली भांडणं त्यावरूनच झाली. मी गणिताची. गणितात चूक म्हणजे चूक. तिच्याखाली रेघ मारायची, बाजूला बरोबर उत्तर लिहायचं आणि पुढं जायचं. सर मराठी शिकवायचे आणि मुलांच्या वहीत कधी एक काट मारायचे नाहीत. पालक येऊन विचारायचे, "ह्या वह्या कुनी तपासतं का न्हाई?" आणि त्यांना उत्तर द्यायला मुख्याध्यापक मला पुढं करायचे, कारण माझं तोंड फटकळ. उदगीरच्या किराणा दुकानात वाढलेली पोरगी मी, गिऱ्हाइकाला तोंड द्यायची सवय लहानपणापासून. पालकांना मी काहीतरी सांगून वाटेला लावायची आणि मग सरांवर जाऊन तोंडसुख घ्यायची.

आमची शाळा लातूरहून रेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. कर्णबधिर मुलांची, निवासी. मुलं पार माहूर-किनवटपासून येतात. ऐकू न येणाऱ्या मुलाला मराठी शिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमजत नाही. तुम्ही-आम्ही भाषा शाळेत शिकलो नाही. ती पाळण्यात असल्यापासून कानावर पडत होती, शाळेनं ती फक्त लिहायला शिकवली. या मुलांच्या कानावर काहीच पडलेलं नसतं. त्यांची खुणांची भाषा असते आणि ती चांगली ठणठणीत भाषा आहे, तिच्यात भांडता येतं, चहाडी करता येते, विनोद करता येतो. पण तिची घडण निराळी. त्या भाषेतून मुलं मराठीत शिरतात तेव्हा शब्द सगळे बरोबर आणतात आणि शब्दांना बांधणारी दोरी वाटेत सांडून येतात. मग एखादा लिहितो, 'मोटारसायकल काका बसली.'

मी असते तर त्याच्यावर सरळ लाल रेघ ओढली असती. सर तेच वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि करून दाखवायचे. स्वतः काका होऊन जमिनीवर बसायचे, वर्गातल्या एखाद्या दांडग्या पोराला मोटारसायकल करायचे आणि त्याला आपल्या पाठीवर बसवून घ्यायचे. मोटारसायकल वर आरामात बसलेली, काका खाली दबून डोळे फिरवतायत. वर्ग हसून लोटपोट. ज्यानं ते लिहिलं ते पोरगं हात हलवत धावत यायचं, असं नाही, असं नाही, आणि सरांच्या हातातला खडू हिसकावून आपलं वाक्य आपणच नीट करायचं. मग सर त्याच मोटारसायकलवर बसून वर्गाला एक फेरी मारायचे. फेरी झाली की दुरुस्ती झाली.

लिहिलं ते घडणार, हा त्यांचा एकच नियम होता. बरोबर लिहिलं तर बरोबर घडणार, चुकीचं लिहिलं तर चुकीचं. त्यामुळं मी त्या माणसाला म्हैस होऊन पोराचं दूध काढताना पाहिलंय, भाकरी होऊन आजीला थापताना पाहिलंय, आणि एकदा तर शाळेच्या पाण्याच्या टाकीला दोघा मुलांवर चढताना पाहिलंय. ती टाकी कोण झाली होती, हे सांगायला नको.

सर साधेभोळे वगैरे मुळीच नव्हते. त्यांचे वडील नांदेडकडच्या गावांतून जयंतीच्या जलशात सोंगं आणायचे, आणि आपण वडिलांपेक्षा सरस नट आहोत अशी सरांची पक्की समजूत होती. खिशात लाल पेन नसलं तरी मिशीचा कंगवा असायचा. मधल्या सुट्टीत येऊन विचारायचे, "अंबिका मॅडम, आजची म्हैस बघितली का खिडकीतून?" मी नाही म्हटलं की पन्नाशीचा हा माणूस रुसून बसायचा आणि चहा घ्यायचा नाही. शेवटी मलाच म्हणावं लागायचं की बघितली, शिंगं जरा जास्त झाली.

महामाया आमच्याकडं आली तेव्हा अकरा वर्षांची होती. अर्धापूरजवळच्या एका गावची. तिचे वडील प्रीतम केळीच्या बागांतून घड उतरवून गाड्या भरायचे. गावच्या शाळेत तिचं नाव होतं, ती शेवटच्या रांगेत बसायची आणि पोरं घरी निघाली की घरी जायची. घरी आईबापाशी बोलायला तिच्याजवळ चारदोन हातवारे होते. जेवण, झोप, ये, जा. एवढंच. बाकी बोट दाखवायचं. प्रत्येक गोष्टीला नाव असतं, हेच त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कसं.

पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडं नुसती बघत राहायची. अकरा वर्षं हिनं माणसांची तोंडं हलताना पाहिली. वाऱ्यानं पानं हलतात तशीच माणसांची तोंडं हलतात, असं तिला वाटत असेल का? भूक लागली तर 'भूक' हा शब्द नसताना मनात काय उमटत असेल? कालची आठवण ती कशात गुंडाळून ठेवत असेल? घरी आमचं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. एक शब्द नाही सापडला तर दुसऱ्या भाषेतला उचलायचा, अशी आमची चैन. शब्दच नसलेलं डोकं ही गोष्ट मला कल्पनेतही पेलली नाही. अजूनही पेलत नाही. त्या पोरीसमोर उभं राहिलं की मला देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं गप्प व्हायला व्हायचं, आणि मी सहसा गप्प होत नाही.

खुणा मात्र तिनं भराभर उचलल्या. त्या काही सरांनी शिकवल्या नाहीत, वसतिगृहातल्या मुलींनी शिकवल्या. पाण्याची खूण आली, भाकरीची आली, आणि मग एक दिवस तिच्या ध्यानात आलं की सगळ्यालाच खूण आहे. त्या दिवशी ती वसतिगृहभर मुलींना ओढत फिरली. ह्याची काय, त्याची काय. दाराची कडी, बादली, सरडा, ढग. संध्याकाळपर्यंत मुली थकून गेल्या आणि ती थकली नाही. त्या दिवशी वसतिगृहावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मी पोटभर रडले, आणि का रडले ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मुलींनी तिला नावही दिलं. आमच्याकडं प्रत्येकाला खुणेचं नाव असतं आणि ते मुलं ठेवतात, आपल्याला विचारत नाहीत. सरांचं नाव मिशीला पीळ. माझं नाव रागानं चष्मा वर सारणं, आणि चष्मा काढून ठेवला तरी ते बदललं नाही. महामायाच्या हनुवटीवर तीळ आहे. म्हणून हनुवटीवर बोट दोनदा टेकवलं की महामाया.

खुणांत ती अशी धावत सुटली, पण लिहिण्यात एक विलक्षण गोष्ट झाली. तिची एकही चूक होईना.

तिचं अक्षर पाहून कुणीही खूश व्हावं. मोत्यासारखं म्हणतात तसं. फळ्यावर जे असेल ते ती हुबेहूब वहीत उतरवायची. 'माझे नाव महामाया आहे' हे वाक्य तिच्या वहीत पानोपानी होतं आणि त्यातली वेलांटी तसूभर हलली नव्हती. तिच्या वह्या आम्ही पाहुण्यांना दाखवायचो. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी तिची वही अख्खी चाळली आणि म्हणाले, "वा. एक चूक नाही. हिचा आदर्श बाकीच्यांनी ठेवावा." आम्ही सगळे फुलून गेलो. सर तेवढे कोपऱ्यात मिशी चावत उभे होते.

साहेब गेल्यावर त्यांनी ती वही माझ्यासमोर आपटली. "मॅडम, नीट बघा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?"

मी बघितलं. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुसू नये'. फळ्याच्या कोपऱ्यात मुख्याध्यापकांनी सुविचारासाठी चौकट करून तसं लिहून ठेवलं होतं, तेच. आणि पानाच्या मधून एक तिरकी, बारीक रेघ गेली होती. ती कशाची, ते मला आधी कळलं नाही. मग मी उठून वर्गात गेले. आमच्या फळ्याला तडा आहे. पोरीनं रोज तो तडाही उतरवून घेतला होता.

"ही लिहून राहिली नाही," सर म्हणाले. "ही चित्र काढून राहिली. हिच्या लेखी अक्षर आणि भेग एकच. चूक व्हायला आधी मनात काहीतरी असावं लागतं. हिची चूक होत नाही, याचा अर्थ हिनं अजून एक शब्दसुद्धा लिहिला नाही."

मी वाद घातला, सवयच आहे. म्हटलं, खुणा येतात ना, मग लिहिणं येईल मागून. सर म्हणाले, येईलच असं नाही. त्यांनी अशी माणसं पाहिली होती, चाळिशीची, सुरेख सही करणारी, कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठ्यासारखी सही करणारी. खुणा येणारी माणसं ह्या पोरीला भेटणार किती? वसतिगृह सोडलं की गावात एक नाही. तिथं तिला पोस्टात, दवाखान्यात, बाजारात, नवऱ्याच्या घरी आपलं म्हणणं सांगायला लिहिण्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. तो रस्ता उघडायला वेळ फार उरला नव्हता. महामाया तेराव्यात गेली होती.

त्यानंतर सरांनी तिच्या चुकीच्या मागं जो ध्यास घेतला तो मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. आधी त्यांनी मुद्दाम खोटं लिहायला सुरुवात केली. 'आनंदराज सर केळ आहे.' आणि मग केळ होऊन स्वतःला सोलून दाखवलं, सदऱ्याची बटणं काढून. मुलं किंचाळत धावली, कुणी 'केळ' पुसून 'माणूस' केलं, एकानं 'माकड' केलं. महामायाही हसली, खूप हसली. आणि मग खाली बसून तिनं वहीत सुरेख अक्षरांत लिहिलं, 'आनंदराज सर केळ आहे', कोपऱ्यात 'पुसू नये', मधून तडा.

सरांनी वाक्यात मोकळी जागा सोडली. तिनं मोकळी जागा उतरवली. सरांनी फळा अर्धा झाकला. तिनं अर्धी अक्षरं उतरवली. सरांनी फळा कोरा ठेवला तेव्हा ती हाताची घडी घालून शहाण्यासारखी बसून राहिली, कुणीतरी काहीतरी लिहील आणि मग आपण लिहू, अशी. रागावणार तरी कुणावर. मी म्हटलं, "सर, सोडा आता. बाकीची मुलं आहेत." त्यावर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

बोलले तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, मला कळलं माझं काय चुकून राहिलं ते. हिला काही हवंच नाही. जे हवं ते समोर असतं, बोट दाखवलं की मिळतं. भाकरी समोर, बादली समोर. समोर नाही अशा गोष्टीसाठी माणूस तोंड उघडतो. समोर नाही असं काहीतरी हिला हवंसं वाटलं पाहिजे."

"आणि ते तुम्ही कुठून आणणार?"

"ते मला आणता येणार नाही," ते म्हणाले. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्याच सुमाराला प्रीतमचा फोन आला. वसतिगृहाच्या मोबाईलवर घरचे लोक मुलांना व्हिडिओवर बघतात. महामाया पडद्यावर आईकडं बघायची, आई हिच्याकडं बघायची, थोडा वेळ दोघी हसायच्या आणि मग आई पदर तोंडाला लावून बाजूला व्हायची. त्या दिवशी प्रीतम मला म्हणाला, "मॅडम, पोळा झाला की मी लेकराला न्यायला येतो. तिची आई बागंत जायला लागली, धाकटं घरी हाय, सांबाळायला कुनी न्हाई. आन आता शिकली की ती. लई सुंदर लिहिती. मी तिची वही गावात समद्यांना दाखिवली. एक चूक न्हाई म्हनले मास्तर लोक."

मी म्हटलं, पालकांच्या दिवशी या, बोलू. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला आणि नुसती मान हलवली. त्या पोरीचं बिनचूक अक्षरच तिला घरी घेऊन चाललं होतं.

पालकांचा दिवस आमच्याकडं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी असतो. पालक वर्गात मागं बसतात आणि सर त्यांनाही सोडत नाहीत. पोरानं लिहिलेलं बापालाच करून दाखवावं लागतं. निलंग्याचे एक भारदस्त शेतकरी त्या वर्गात शेळी झालेले मी पाहिलेत. प्रीतम आला तो सकाळीच. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा. ते डाग धुतल्यानं जात नाहीत. महामायाची पेटी त्यानं आधीच वसतिगृहातून आणवून व्हरांड्यात ठेवली होती. पोरीला कळलं होतं. तिनं पेटीकडं बघितलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बाप मागं भिंतीला टेकून बसला.

वर्ग सुरू व्हायच्या आधी आणखी एक बाई आली. औशाकडची गंगम्मा, आमच्या एका मुलाची आई. तिच्या पोराच्या कानात लहानपणापासून बाळी आहे, म्हणून त्याचं खुणेचं नाव कानाची पाळी चिमटीत धरायची. गंगम्माला यायला उशीर झाला होता, पोरगं खिडकीपाशी कुणाशी तरी भांडत होतं. तिनं दारात उभं राहून, पोराची नजर वळल्याबरोबर, आपली कानाची पाळी धरली. पोरगं भांडण टाकून धावत तिच्या कमरेला जाऊन बिलगलं. तिनं त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि दोघं हसत आत आले.

वर्गात असं रोज काही ना काही होतं, माझं लक्षही गेलं नसतं. पण मी महामायाकडं बघत होते आणि ती त्या दोघांकडं बघत होती. मग तिनं मान वळवून बापाकडं बघितलं. बाप खाली बघत होता. ती पुन्हा गंगम्माकडं वळली, पुन्हा बापाकडं. असं किती वेळ चाललं होतं देव जाणे.

सरांनी फळा पुसला आणि वर्गाकडं तोंड करून उभे राहिले. ते काही लिहिणार तोच महामाया उठली. ती कधी आपण होऊन उठत नसे. ती चालत पुढं आली आणि तिनं सरांपुढं हात पसरला. सरांनी खडू दिला. मी बाहेर खिडकीशी होते, ती दारात आले.

कोऱ्या फळ्यापुढं ती उभी राहिली. उतरवून घ्यायला समोर काहीच नव्हतं. तिनं खडू टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. तिचं ते मोत्यासारखं अक्षर कुठं गेलं कुणास ठाऊक. वाकडंतिकडं, वर चढत जाणारं, एक अक्षर मोठं, एक बारकं, असं तिनं लिहिलं:

'बाबा घर मी नाव काय'

आणि खडू हातात धरून वळून उभी राहिली.

वर्गात आधीही आवाज नव्हता, आता हातसुद्धा थांबले. सर फळ्याकडं बघत राहिले. ते टेबलाला धरून हळूच खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला म्हणाले, "मॅडम, बघा. सगळं चुकलंय. एक शब्द जागेवर नाही." असं म्हणून ते हसायला लागले आणि डोळे पुसत राहिले.

मी त्या फळ्याकडं बघत होते. मला त्यात आता चुका दिसेनात. गणिताच्या वर्गात मी आयुष्यभर पाटीवर उत्तरं बघितली, पण माणसाच्या डोक्यातून पहिला प्रश्न बाहेर येताना त्याआधी कधी बघितला नव्हता. अकरा वर्षांचा अंधार आणि दोन वर्षांची चित्रं ओलांडून ती एवढुशी पोरगी तिथं पोचली होती, कुणी हात न धरता. मोठ्या गोष्टी घडतात तेव्हा ढोल वाजतात असं आपल्याला वाटतं. इथं रस्त्यावरून एक उसाची गाडी गेली, तेवढाच आवाज.

सर उठले. नियम म्हणजे नियम. त्यांनी प्रीतमला पुढं बोलावलं आणि वाक्य वाचून दाखवलं. "तुमची मुलगी विचारून राहिली, बाबा, घरी माझं नाव काय? तिला सांगा."

प्रीतम गोंधळला. "घरी? महामायाच की सर. बारशाला ठिवलं ते."

"ते तिला ऐकू येत नाही. घरी तुम्ही तिला हाक कशी मारता?"

"हाक कोन मारतंय सर तिला," प्रीतम म्हणाला. तो निर्दयपणानं बोलत नव्हता, जे होतं ते सांगत होता. "ऐकू येत न्हाई तर हाक मारून काय करायचं. पाय आपटतो जमिनीवर. लांब असली तर बारीक खडा टाकतो पाठीत, मंग वळून बगती."

"आणि तिच्याबद्दल बोलायचं असलं, तिच्यासमोर, तर? काहीतरी खूण करत असाल."

प्रीतम थांबला. मग त्यानं आपला तो रुंद, काळे डाग पडलेला हात वर उचलला आणि तळवा तोंडावर ठेवला. मुकी.

वर्गातल्या सगळ्या मुलांना ती खूण ठाऊक होती. प्रत्येकानं ती कुठं ना कुठं पाहिलेली असते, बसमध्ये, लग्नात, शेजारच्या ओट्यावर. कुणी हललं नाही. गंगम्मानं पोराला जवळ ओढलं. मी महामायाच्या तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही, सरांकडं बघितलं, तर ते काहीच करत नव्हते. आयुष्यभर एवढा उड्या मारणारा माणूस हात मागं बांधून उभा होता.

महामाया बापाच्या समोर गेली. तिनं त्याच्या तोंडावरचा हात मनगटाला धरून खाली घेतला. रागानं नाही. सर चुकलेल्या पोराचा हात धरून खडू जसा योग्य जागी नेतात, तसा तिनं तो हात घेतला, त्याची चार बोटं मिटवली, एक बोट मोकळं ठेवलं आणि ते आपल्या हनुवटीवर आणून टेकवलं. एकदा. आणखी एकदा. मग हात सोडून दिला आणि वाट बघत उभी राहिली.

प्रीतमला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं बोट वर नेलं आणि आपल्या गालावर टेकवलं. तिनं मान हलवली, चूक. हात धरून खाली आणला, हनुवटीवर. त्यानं पुन्हा केलं, एकदाच टेकवलं. तिनं दोन बोटं दाखवली, दोनदा. त्यानं दोनदा टेकवलं. तिनं मान डोलावली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी.

"असं व्हय," प्रीतम म्हणाला. "एवढं सोपं व्हतं व्हय."

मग वर्ग पुढं चालला, कारण बाकीची पोरं खोळंबली होती. सरांनी महामायाच्या वाक्याला हात लावला नाही. दुरुस्त करायचं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, सोमवारी. आज कुणी हात लावायचा नाही. महामायानं त्या दिवशी वही उघडली नाही.

दुपारी जेवणं झाली. प्रीतम व्हरांड्यात पेटीशेजारी बसला होता. सर त्याच्याजवळ जाऊन बसले, मीही गेले. सरांनी काही समजावलं नाही, भाषणही दिलं नाही. शेवटी प्रीतमच बोलला.

"सर, ते फळ्यावरलं, त्यात लई चुका हायत का?"

"हाव," सर म्हणाले. "आता रोज होतील. लई होतील. तुम्ही मागं तिची वही बघितली तशी आता राहायची नाही, सांगून ठेवतो. गावात दाखवायला लाज वाटंल."

प्रीतम पेटीच्या कडीशी चाळा करत होता. "आन इथं न्हाई ऱ्हायली तर?"

"घरी कोण आहे तिच्या चुका बघायला?"

प्रीतम एक मोठा श्वास घेऊन उठला, पेटी उचलली आणि आम्हाला वाटलं निघाला. तो पेटी घेऊन वसतिगृहाच्या दिशेनं चालायला लागला. जाता जाता म्हणाला, "धाकट्याचं बगू कायतरी. त्याची आजी हाय, ती आनखी हिंडतीफिरती." पेटी त्यानं आत नेऊन जिथून आणली होती तिथं ठेवली.

एस.टी.ची वेळ झाली तसा तो निघाला. महामायाच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि मैदान ओलांडून फाटकाकडं गेला. ती मुलींच्या घोळक्यात व्हरांड्यात उभी होती आणि मुली तिला काहीतरी दाखवत होत्या, त्यामुळं तिचं तोंड दुसरीकडं होतं. प्रीतम फाटकाशी थांबला. त्यानं वळून बघितलं. पाय आपटला नाही, खाली वाकून खडाही शोधला नाही. नुसता उभा राहिला. रिकामी एस.टी. लांबून येताना दिसत होती तरी हलला नाही, तिची नजर वळेपर्यंत.

तिची नजर वळली. त्यानं हात वर केला आणि हनुवटीवर बोट टेकवलं, दोनदा.

ती धावत सुटली. चप्पल व्हरांड्यातच राहिली. मैदान ओलांडून ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, धापा टाकत, आणि तळवा उलटा करून विचारलं, काय?

प्रीतमला काही सांगायचं नव्हतं. त्यानं नुसती हाक मारून बघितली होती.